पेढीची किल्ली कोणाच्या हातीं?

पनवेल सोडून पुण्याच्या रोखानें निघालें म्हणजे थोड्याच वेळांत पळस्पे लागतें. मुंबई-पुण्याच्या जुन्या हमरस्त्यापासून कोंकण-गोव्याचा रस्ता येथें फुटतो. त्यामुळें गणपतीच्या दिवसांत या लहानशा गांवाचें नांव गांवीं जाणाऱ्या हरएक चाकरमान्याच्या तोंडीं असतें. न्हावाशेव्याचें जवाहरलाल नेहरू बंदर १९८९ सालीं सुरू झालें, आणि या सर्व टापूचें रूप हळूहळू पालटत गेलें. आज येथें गोदामें, मालमोटारींचे तळ आणि कंटेनरांच्या राशी दिसतात. या उद्योगांपैकीं कितीतरी अजूनहि घरगुती पेढ्याच आहेत. वडील माणसें व्यवहार पाहतात आणि घरांतलींच मुलें-सुना हिशेब सांभाळतात. मात्र पूर्वींची कीर्द-खतावणी लाल कापडी बांधणीच्या वह्यांत असे. ती आज संगणकांत असते.

समजा, या फाट्यालगत अशाच एका एकत्र कुटुंबाची मालवाहतुकीची पेढी आहे. थोरली सून वाणिज्य शाखेची पदवीधर असून जमाखर्च तिच्या हातीं आहे. पुतण्या संगणकविद्येचें शिक्षण संपवून नुकताच घरीं आला आहे. तो म्हणतो, "काका, दरसाल परवान्याचें भाडें कां भरावें? तेंच काम करणारें ओपन सोर्स सॉफ्टवेअर मिळतें. तें आपण आणूं." त्यावर सून म्हणते, "मामंजी, दहा वर्षांचा हिशेब ज्यांत आहे तें एकाएकीं टाकून दिलें, तर मार्चअखेर निभावून कोण नेणार?" दोघांचेंहि म्हणणें खरें आहे. वडील माणसाला निर्णय तर द्यावयाचा आहे. आणि तो चुकला तर नुकसान केवळ पैशाचें होणार नाहीं, पेढीची दहा वर्षांची स्मृति पणाला लागेल. अशा घरांच्या उपयोगाकरितां या विषयाचें थोडें विवेचन करावें, असें आम्हीं योजिलें आहे.

खुली संहिता आणि मिटलेली संहिता

संगणकानें काय करावयाचें हें सांगणाऱ्या आज्ञा प्रथम माणसाला वाचतां येईल अशा भाषेंत लिहितात. या मूळ लिखाणास सोर्स कोड म्हणतात. आपण त्याला मूळ संहिता म्हणूं. कांहीं कंपन्या ही संहिता स्वतःच्या तिजोरींत ठेवतात. ग्राहकाला मिळते ती केवळ यंत्रास उमगणारी प्रत, आणि ती अमुक अटींवर वापरण्याचा परवाना. हें क्लोज्ड सोर्स, म्हणजे बंद सॉफ्टवेअर. दुसऱ्या प्रकारांत संहिताच सर्वांपुढें ठेवलेली असते. ती कोणींहि वाचावी, तिची नक्कल करावी, आपल्या गरजेप्रमाणें तींत फेरफार करावा आणि परवान्याच्या अटी पाळून ती दुसऱ्यास द्यावी. हें ओपन सोर्स, म्हणजे खुलें सॉफ्टवेअर.

खुल्या संहितेची चळवळ पुष्कळ जुनी आहे. अमेरिकेंत रिचर्ड स्टॉलमन यांनीं १९८३ सालीं 'ग्नू' या उपक्रमाची घोषणा केली, आणि १९८९ सालीं त्याचा सार्वजनिक परवाना निघाला. फिनलंडमधील लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं 'लिनक्स'चा पाया घातला. 'ओपन सोर्स' हें नांव १९९८ सालीं रूढ झालें. आमच्या घरीं असलें कांहीं नाहीं, असें जे वाचक म्हणतील त्यांनीं आपला मोबाइल हातीं घेऊन पाहावा. तो अँड्रॉइडचा असेल तर त्याच्या गाभ्याशीं हेंच लिनक्स आहे.

पनवेलचाच एक दाखला

येथें एक शंका सहज येते. संहिताच सर्वांस देऊन टाकली, तर धंदा कसा चालावयाचा? या शंकेचें उत्तर परदेशांत शोधावयास नको. तें पनवेलींतच आहे. पुराणिक वैद्यांच्या घराण्यानें चालविलेला श्रीधूतपापेश्वर हा आयुर्वेदीय औषधांचा कारखाना १८७२ सालीं येथें स्थापन झाला. च्यवनप्राशाचा पाठ चरकसंहितेंत आहे. तो कोणा एकाच्या मालकीचा नाहीं. परवाना असलेल्या कोणत्याहि औषधनिर्मात्याला तो करतां येतो, आणि हौशी गृहिणी आंवळे आणून घरींहि करतात. असें असून लोक तयार बरणी विकत घेतात. कां? तर घटकद्रव्यें नीट पारखलेलीं असतील, कृतींत कसूर झाली नसेल आणि कांहीं उणें निघालें तर जाब कोणास विचारावा हें ठाऊक असेल, या भरंवशाचे ते पैसे असतात.

खुल्या सॉफ्टवेअरचा धंदा नेमका याच रीतीनें चालतो. पुण्यास कचेरी असलेली रेड हॅट ही अमेरिकन कंपनी लिनक्सची पक्की, तपासलेली प्रत देते, आणि ग्राहकाकडून निगराणीची वर्गणी घेते. आय. बी. एम. नें ही कंपनी २०१९ सालीं सुमारें ३४०० कोटी डॉलरना विकत घेतली. खुली संहिता म्हणजे धर्मादाय वाटलेली वस्तु, हा समज किती चुकीचा आहे हें यावरून ध्यानांत येईल.

बंदरावरील तो दिवस

आतां सुरक्षिततेचा प्रश्न घेऊं. २७ जून २०१७ रोजीं 'नॉटपेट्या' नांवाच्या विध्वंसक संगणक-विषाणूनें जगभर हाहाकार उडविला. मर्स्क ही डेन्मार्कची जहाज कंपनी त्यांत सांपडली, आणि तिच्या समूहाकडे असलेल्या आमच्या न्हावाशेव्याच्या गेटवे टर्मिनल्सचें काम विस्कळित झालें. बंदरावर पेटी उतरेना कीं मोटार अडते, मोटार अडली कीं गोदाम तुंबतें. अशा वेळीं त्याची झळ पनवेल-पळस्प्याच्या वाहतूकदारांना लागल्यावांचून राहत नाहीं. मर्स्कला पुढें दहा दिवसांत ४५,००० संगणक आणि ४,००० सर्व्हर नव्यानें उभे करावे लागले, आणि २५ ते ३० कोटी डॉलरांचें नुकसान सोसावें लागलें.

हा विषाणु शिरला कोठून, तें हिशेबनिसांनीं विशेष लक्षांत ठेवण्याजोगें आहे. युक्रेनमध्यें करविषयक हिशेबासाठीं 'एम. ई. डॉक' नांवाचें एक बंद सॉफ्टवेअर सर्रास वापरीत. हल्लेखोरांनीं त्याच्या निर्मात्याच्याच सर्व्हरमध्यें शिरकाव केला, आणि सुधारित आवृत्तीबरोबर विष पाठविलें. ग्राहकांनीं तें विश्वासानें घरांत घेतलें. एकदां आंत शिरल्यावर तो विषाणु पसरला तो अंशतः विंडोजमधील एका छिद्रांतून. पण त्या छिद्राची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टनें मार्च २०१७ मध्येंच प्रसिद्ध केली होती! ती ज्यांनीं वेळेवर बसविली नाहीं त्यांचा दोषहि लहान नाहीं. म्हणून संहिता बंद होती एवढ्यासाठींच हा अनर्थ झाला, असें म्हणणें न्यायाचें होणार नाहीं.

शिवाय खुल्या संहितेंतहि अपघात झालेले आहेत. इंटरनेटवरील गुप्त व्यवहार सांभाळणाऱ्या 'ओपनएसएसएल'मध्यें २०१४ सालीं 'हार्टब्लीड' नांवाचें गंभीर छिद्र सांपडलें. संहिता सर्वांना खुली होती, पण ती बारकाईनें वाचणारे डोळे फार थोडे होते. मार्च २०२४ मध्यें तर याहून चमत्कारिक प्रकार उघडकीस आला. 'एक्सझेड' नांवाच्या एका लहानशा खुल्या सॉफ्टवेअरची निगा राखणाऱ्यांचा विश्वास संपादन करून कोणीतरी त्यांत चोरदरवाजा बसविला होता. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनियरास आपल्या संगणकांत प्रवेश करतांना सुमारें अर्ध्या सेकंदाचा विलंब जाणवला. तेवढ्या धाग्यावरून त्यानें शोध घेतला, आणि संहिता खुली असल्यामुळें त्याला मुळापर्यंत जातां आलें. गंमत अशी कीं, हा गृहस्थ मायक्रोसॉफ्टच्या नोकरींत होता! तात्पर्य, खुल्या दारांतून चोर येऊं शकतो तसा शेजारीहि येऊं शकतो. बंद दारामागें काय चाललें आहे हें मात्र एकट्या मालकालाच ठाऊक. दोहोंतहि पहारा हवाच.

मोडीचा धडा

आमच्या मतें पेढीच्या दृष्टीनें सर्वांत मोठा प्रश्न वेगळाच आहे. आपली माहिती आपल्याला उद्यांहि वाचतां येईल कीं नाहीं? मराठी घरांना हा प्रश्न समजावून सांगण्याची गरज पडूं नये. कितीतरी जुन्या घरांत आजोबा-पणजोबांचीं दफ्तरें मोडींत आहेत. कागद आपले, कपाट आपलें, अक्षर आपल्याच पूर्वजांचें. पण विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत मोडीचा रोजचा वापर संपला आणि आज तीं वाचावयास जाणकार शोधावा लागतो. पुण्याच्या पुराभिलेखागारांतील पेशवे दफ्तराचे रुमालच्या रुमाल अशाच जाणकारांची वाट पाहत आहेत.

संगणकाच्या युगांत आपण हीच फजीती एकाच पिढींत करून घेतली. युनिकोड सर्वत्र रूढ होण्यापूर्वीं मराठी मजकूर निरनिराळ्या कंपन्यांच्या फाँटांत टाइप होत असे, आणि प्रत्येकाची अक्षरांची सांकेतिक रचना निराळी असे. तो फाँट ज्या संगणकांत नाहीं त्यांत असा मजकूर उघडला तर देवनागरीच्या जागीं रोमन अक्षरांची खिचडी दिसते. कित्येक छापखान्यांचीं आणि संस्थांचीं वीस-पंचवीस वर्षांपूर्वींचीं कागदपत्रें अशीं अडकून पडलीं आहेत. उलट, युनिकोड हा सर्वांना सारखाच खुला असलेला संकेत आहे. त्यावर आधारलेले लोहित देवनागरी, किंवा मुंबईच्या 'एक टाइप' मंडळींनीं घडविलेला 'मुक्त' यांसारखे फाँट खुल्या परवान्यानें मिळतात. त्यांत लिहिलेला मजकूर फाँट बदलला तरी वाचतां येतो. म्हणून सॉफ्टवेअर बंद असो वा खुलें, माहिती ज्या सांच्यांत ठेवली जाते तो सांचा तरी खुला असला पाहिजे. सांचाच बंद असेल, तर मुदत संपलेला परवाना हा आपल्याच घराला दुसऱ्यानें लावलेल्या कुलुपासारखा होतो.

या बाबतींत जुलै २०२५ मधील नायरा एनर्जी या तेल कंपनीचें उदाहरण बोलकें आहे. युरोपीय संघानें तिच्यावर निर्बंध घातले. त्यानंतर मायक्रोसॉफ्टनें तिच्या कांहीं सेवा बंद केल्या. पैसे भरलेले असूनहि स्वतःचीच माहिती मिळेनाशी झाली, अशी तक्रार घेऊन कंपनीला दिल्ली उच्च न्यायालयांत जावें लागलें. पुढें थोड्याच दिवसांत सेवा पूर्ववत् झाल्या. परंतु आपली किल्ली दूर देशीं दुसऱ्याच्या खिशांत असते हें त्या आठवड्यानें पुष्कळांना दाखवून दिलें. मात्र पुतण्यानें यावरून हर्षभरित होण्याचें कारण नाहीं. खुलें सॉफ्टवेअरहि परक्याच्या सर्व्हरवर ठेवलें आणि स्वतःजवळ प्रत ठेवली नाहीं, तर गत तीच.

हिशेबाचें सॉफ्टवेअर: दोन वाटा

आतां कुटुंबाच्या मूळ वादाकडे वळूं. आपल्याकडील व्यापाऱ्यांत बंगळुरूच्या टॅलीचा प्रसार फार मोठा आहे. तिचा प्रारंभ १९८६ सालचा, संहिता बंद. तिचें खरें बळ केवळ सॉफ्टवेअरमध्यें नाहीं, तें माणसांत आहे. चार्टर्ड अकाउंटंट तिला ओळखतो, गांवोगांवच्या वर्गांत ती शिकवितात, आणि कारकून रजेवर गेला तर दुसरा सहज मिळतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून वस्तु व सेवा कराचे दर बदलले. अशा वेळीं नवी आवृत्ति करून पाठविण्याची जबाबदारी कंपनीची असते. शिवाय तींतील माहिती एक्सेलसारख्या रूपांत बाहेर काढतां येते, ही गोष्ट तिच्या बाजूची आहे.

दुसरी वाट मुंबईंतच घडलेली आहे. रुषभ मेहता यांनीं घरच्या फर्निचरच्या धंद्यांतील अनुभवांतून 'ईआरपीनेक्स्ट' हें सॉफ्टवेअर सुरू केलें, आणि २००८ सालीं फ्रॅपे ही कंपनी स्थापिली. याची संहिता ग्नू परवान्यानें सर्वांस खुली आहे. हिशेब, साठा आणि खरेदी-विक्री हीं सर्व कामें त्यांत एकत्र होतात. कोणत्या मोटारीनें किती डिझेल खाल्लें हा आपल्या पेढीचा खास रकाना हवा असेल, तर तो घालून घेतां येतो. त्यासाठीं कोणाची परवानगी लागत नाहीं. ज्यांना स्वतःचा सर्व्हर सांभाळणें नको त्यांना मूळ कंपनी किंवा दुसरा कोणी ती सेवा पैसे घेऊन देतो. एकाची सेवा पटली नाहीं तर दुसऱ्याकडे जातां येतें; बंद सॉफ्टवेअरमध्यें ही मोकळीक नसते.

परंतु ही मोकळीक जबाबदारीसह येते. कंपनी कायद्याखालीं नोंदलेल्या संस्थांना १ एप्रिल २०२३ पासून असें हिशेबाचें सॉफ्टवेअर वापरावें लागतें, कीं ज्यांत प्रत्येक फेरफाराची नोंद आपोआप राहील आणि ती बंद करतां येणार नाहीं. संहिता बदलण्याचा अधिकार हातीं असतांना ही नोंद अबाधित ठेवणें हें मालकाचें कर्तव्य ठरतें. भागीदारीच्या पेढीला हा नियम लागू नसला, तरी भावाभावांच्या व्यवहारांत अशी नोंद असणें हें कलहावरचें उत्तम औषध आहे.

फुकट म्हणजे काय?

खुलें सॉफ्टवेअर फुकट मिळतें या एकाच गोष्टीवर भाळून जाणें शहाणपणाचें नाहीं. परवान्याचे पैसे वांचतात हें खरें. पण जुनी माहिती नव्या सांच्यांत घालणें, माणसें शिकविणें, रोज नक्कल काढणें आणि बिघाड झाला तर जाणता माणूस बोलावणें यांचा खर्च असतोच. उलट बंद सॉफ्टवेअरचें भाडें आज परवडलें, तरी पुढें तें वाढविणें आणि जुनी आवृत्ति केव्हां मोडींत काढावी हें ठरविणें कंपनीच्या हातीं असतें. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं संपला. चांगले चालते संगणक असूनहि अनेकांना त्या तारखेपुढें मान तुकवावी लागली. खुल्या बाजूसहि असें घडतें. 'सेंटओएस ८' हें सर्व्हरचें सॉफ्टवेअर २०२९ पर्यंत चालेल या भरंवशावर लोकांनीं घेतलें, आणि तें २०२१ अखेर बंद करण्यांत आलें. मात्र संहिता खुली असल्यामुळें दुसऱ्यांनीं तींतूनच 'रॉकी लिनक्स' व 'अल्मालिनक्स' उभीं केलीं, आणि लोकांची सोय झाली. दोन्ही ठिकाणीं त्रास झाला. पण एके ठिकाणीं दुसरी वाट उरली होती. दोन प्रकारांतील खरा भेद आमच्या मतें हाच आहे.

घरानें काय करावें?

तर मग त्या वडील काकांनीं निर्णय काय द्यावा? आमची सूचना अशी. पत्रव्यवहार, तक्ते आणि साधीं कोष्टकें यांसाठीं 'लिब्रेऑफिस' हें खुलें सॉफ्टवेअर लगेच घ्यावें. तें मराठींतहि चालतें, आणि मुंबईच्या आय. आय. टी. च्या 'स्पोकन ट्युटोरियल' उपक्रमानें त्याचे पाठ मराठींतून उपलब्ध केले आहेत. घरांतील वडील मंडळीहि ते ऐकून शिकूं शकतील. हिशेबाचें जुनें सॉफ्टवेअर मात्र वर्षाच्या मध्येंच टाकूं नये. पुतण्यानें खुलें सॉफ्टवेअर बसवावें, आणि नव्या आर्थिक वर्षाच्या आरंभापासून निदान तीन महिने सुनेनें दोन्हींकडे नोंदी कराव्यात. दोहोंचा ताळा पैपर्यंत जमला, कराचीं पत्रकें बिनचूक निघालीं आणि पेढीच्या हिशेबतपासनिसांची संमति मिळाली, तरच जुन्यास निरोप द्यावा. पुतण्या उद्यां परगांवीं नोकरीस गेला तर हें कोण चालवील, याचें उत्तर घरांत नसेल, तर बाहेरच्या माणसाशीं लेखी करार करावा. तेंहि जमण्यासारखें नसेल, तर बंद पण परिचित सॉफ्टवेअर चालू ठेवण्यांत कमीपणा मानूं नये.

कोणतीहि वाट धरली, तरी चार गोष्टी मात्र चुकवूं नयेत. सर्व हिशेबाची नक्कल दर आठवड्यास निराळ्या ठिकाणीं ठेवावी. आणि ती उघडते कीं नाहीं हें तीन महिन्यांनीं एकदां पाहावें, कारण न उघडणारी नक्कल असून नसून सारखीच. सुधारणा वेळेवर बसवाव्यात. परवान्याचा कागद सही करण्यापूर्वीं वाचावा, आणि करार संपल्यावर माहिती कोणत्या रूपांत परत मिळेल हें त्यांत आहे कीं नाहीं तें पाहावें. शेवटची गोष्ट, संकेतशब्द घरांतील एकाच माणसाच्या डोक्यांत ठेवूं नयेत. कर्त्या पुरुषाच्या अकस्मात् निधनानंतर विधवा पत्नीला आणि मुलांना आपल्याच पेढीचा हिशेब उघडतां येऊं नये, यापरतें दुर्दैव कोणतें?

आपल्या घरांतून कोठीच्या किल्ल्यांचा जुडगा गृहिणीच्या कमरेला असे. तो केवळ दागिना नव्हता. घरांत काय आहे, किती आहे आणि तें केव्हां काढावयाचें हें ठरविण्याचा अधिकार त्यांत होता. संगणकांतल्या कोठीची किल्ली डोळ्यांना दिसत नाहीं, म्हणून ती कोणापाशीं आहे हें विचारावयाचें आपण विसरतों. सॉफ्टवेअर खुलें घ्यावें कीं बंद, याचा निर्णय प्रत्येक घर आपल्या ऐपतीप्रमाणें व माणसांप्रमाणें घेईल; पण तो घेण्यापूर्वीं हा एक प्रश्न घरच्या सर्वांनीं एकत्र बसून विचारावा, एवढीच आमची वाचकांस विनंति आहे.